किल्ल्यावर तेल सापडलं

नुपूरला या दिवाळीत किल्ल्याचं पहिलं बक्षीस हवं होतं. गेल्या वर्षी मंडळाच्या स्पर्धेत ते एका मुलाला गेलं, त्याच्या बाबांनी बुरूज थ्रीडी प्रिंट करून दिले होते. तेव्हापासून माझी सात वर्षांची लेक पेटून उठलेली. इथे परदेशात, केलीव्हिलच्या आमच्या टीचभर बॅकयार्डात तिने चिखल थापला, तट उभारले, मोहरी पेरली, महाराजांना सिंहासनावर बसवलं. मावळे पुण्याहून सासऱ्यांच्या बॅगेतून आले.

त्याच फ्लाइटने सासरेही आले, आणि पंचाईत झाली.

बाबांची सगळी नोकरी मस्कतला रस्ते आखण्यात गेली. मोकळी जमीन दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. पहिल्याच सकाळी त्यांनी उगवलेली मोहरी उपटली.

"वाळवंटात हिरवळ कुठून येणार? आधी पाणी. समुद्राचं खारं पाणी गोडं करायचा प्लांट."

प्लांट म्हणून माझ्या कुकरची शिट्टी गेली.

"आता बघ नुपूर, या देशाकडे काय होतं? खजूर आणि मासे. मग एके दिवशी..." त्यांनी खड्डा केला आणि चकल्या तळून उरलेलं तेल त्यात ओतलं. "तेल सापडलं."

"व्हॉट अबाउट द एनिमी?"

"शत्रू कुठले आता? सगळी गिऱ्हाइकं."

दुपारी मुंग्यांची रांग लागली. बाबा समाधानाने म्हणाले, "परकीय गुंतवणूक."

मग तेल एक दिवस संपणार म्हणून इतर उद्योग सुरू झाले. बंदरात आमच्या धाकट्या बाळाचं आंघोळीतलं बदक लागलं. बुरूज पाडून विमानतळ झाला. मॉल म्हणून माझा खणांचा फराळाचा डबा उभा राहिला.

"बाबा, त्यात चिवडा आहे," मी बाळाला कडेवर सावरत म्हटलं.

"मॉल रिकामा कसा ठेवणार?"

सिद्धार्थ, माझा नवरा, मीटिंगमधून डोकावला. "बाबा, हा सिंहगड होता ना?"

"होता. आता विकसित झालाय."

शनिवारी संध्याकाळी नुपूर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. रविवारी परीक्षक येणार होत्या आणि तिचे मावळे तलवारींसकट रस्त्याच्या कामाला जुंपलेले.

"आजोबा, व्हेअर डू दे स्लीप?"

"कोण?"

"मावळे. यू मेड अ मॉल. यू मेड ॲन एअरपोर्ट."

बाबांनी प्लांटमागची काडेपेटी दाखवली.

"सगळे? याच्यात?"

"आलटून पालटून. एक शिफ्ट उठली की दुसरी झोपते."

"दॅट्स मीन, आजोबा."

"मीन कसलं? आम्ही सुरुवातीला तसेच राहायचो. मी उठलो की माझ्याच गादीवर जोसेफ. गादीला गार व्हायला वेळच मिळायचा नाही," असं म्हणून बाबा हसले.

दारात सिद्धार्थ लॅपटॉप धरून तसाच उभा राहिला. त्याच्या लहानपणी मस्कतहून चॉकलेटं यायची, अत्तर यायचं, कारंज्यासमोर उभ्या बाबांचे फोटो यायचे. गादीचा फोटो कधी आला नव्हता.

नुपूरने मॉल रिकामा केला. चिवडा माझ्या ओंजळीत आला. एकेका खणात तिने कापूस पसरला आणि मावळे झोपवले. मॉल पुरेना, तेव्हा विमानतळही ताब्यात घेतला. बाबा गुपचूप कापूस पिंजून देत राहिले.

रविवारी परीक्षक पद्माताई आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"हा कुठला किल्ला म्हणायचा?"

बाबा विकासदरावर बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात नुपूर म्हणाली, "हा आजोबांचा देश आहे. आधी तेल सापडलं, मग सगळं झालं. घरं राहिली होती, ती आम्ही काल बांधली."

"छान. पण तटावर पहारा कोण देतंय?"

"नोबडी. दे आर हॅविंग अ नॅप."

संध्याकाळी ग्रुपवर निकाल लागला. पहिला पुन्हा थ्रीडीवाला. नुपूरला उत्तेजनार्थ.

"उत्तेजनार्थ म्हणजे?"

"म्हणजे अजून मेहनत कर," सिद्धार्थ म्हणाला.

ती पाय आपटत बाहेर गेली. मागून बाबा. "माझंच चुकलं गं. तुझा चांगला किल्ला होता."

"येस, इट वॉज." नाक ओढत तिने एका मावळ्याच्या हातातली तलवार काढून घेतली. "हे तुम्ही. पिक अ रूम."

दुखरे गुडघे दाबत बाबा खाली बसले. फ्लॅट बुक करायला आल्यासारखा एकेक खण त्यांनी निरखला.

"ही कोपऱ्यातली. एकट्याला मिळेल?"

"ऑफ कोर्स."

"मग जरा दार लावून घे."

नुपूरने त्यांना कापसावर आडवं केलं आणि अलगद झाकण लावलं.