उभा धागाही विचारा

मी तीन वारांचा निळा तुकडा बोलतोय. आणि बोलतोय तेही नाइलाजाने, कारण माझ्याविषयी माझ्याखेरीज सर्वांचे बोलून झाले आहे.

यंत्रमागावरून उतरलो तेव्हा माझ्या काठावर माझा तपशील छापलेला होता. दुकानदाराने नेमका तेवढाच भाग दुसऱ्या गिऱ्हाइकाला कापून दिला आणि मी निनावी होऊन या घरच्या पेटीत आलो. वस्तूचे कूळ वस्तूवरून नव्हे, तर देणाऱ्यावरून ठरवण्याची माणसांची रीत फार जुनी असावी. मला आत्याने भेट दिले, म्हणून आत्याच्या मते मी रेशीम! पंधरा वर्षे तिने मला गालावर घासून पाहिले. गाल लाल झाला, मत बदलले नाही.

यंदा मात्र प्रश्न गंभीर झाला. घरातली लेक काचेच्या भट्टीवर कामाला लागली होती. तिथे तिच्या सोबतिणीच्या सदऱ्यावर ठिणगी पडली, कापड वितळले आणि दंडाच्या कातडीला चिकटले. तेव्हापासून आईने ध्यास घेतला, लेकीला अस्सल सुती सदरा शिवायचा.

"अगं, रेशीम ते! भट्टीसाठी कसलं शिवतेस?" आत्या कळवळली.

"वन्सं, तुमचं रेशीम चुरगळतंय बघा कसं. सुतीच आहे."

आईने माझ्या कापलेल्या कडेचा एक धागा ओढला, चिमट्यात धरला आणि पाण्याच्या ताटलीवर मेणबत्तीला लावला. तो भुरकन जळला. कागद जळल्यासारखा वास आला, मऊ राख उरली.

"झालं! शितावरून भाताची परीक्षा," म्हणत आईने कात्री उचलली.

काय म्हणावे या घाईला? अहो, ती म्हण भाताची आहे! शिते एकाच पातेल्यातली असतात. माझे धागे दोन घरांतले. कापलेल्या कडेतून सहज निघतो तो आडवा. उभ्याला कोणी विचारायचे?

इतक्यात लेक कामावरून आली.

"उभा धागा जाळलास?"

"एकाच कापडाचा ना तो? दोनदा काय जाळायचं?"

"आई, ठिणगी काय धागा निवडून पडते?"

तिने माझा कोपरा कातरून उभा धागा सोडवला. ज्योत जवळ येताच तो आक्रसला, वितळला, काळा धूर सोडू लागला. निवल्यावर उरला एक टणक काळा मणी. तो तिने आईच्या तळहातावर ठेवला. आईने बोटांनी दाबून पाहिला, तो फुटेना. तिने कात्री खाली ठेवली.

"म्हणजे रेशीम नाहीच?" आत्याने विचारले.

आज मी डब्याची पिशवी आहे. माझ्या आतल्या शिवणीत आईने चिठ्ठी शिवली आहे: 'आडवा सुती, उभा पॉलिस्टर.' तुमच्या पेटीतही कोणी निनावी असेल, तर कृपा करून त्याला गालावर घासू नका. दोन्ही धाग्यांची साक्ष काढा, मगच कात्री लावा.

लेक मला भट्टीच्या दाराबाहेर खुंटीला टांगते. आत नेत नाही. सुटी झाली की येऊन मला उचलते. तेव्हा मी आधी तिचे दंड पाहतो.