बिनकानाचा ठोकळा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी ठोकळा आहे, फेटे बांधायला केलेला, माणसाच्या डोक्याच्या आकाराचा. ठोकळा म्हटलं म्हणून लगेच हसू नका. मला नाक आहे, डोळे आहेत, मानही चांगली वीतभर आहे. नाहीत ते फक्त कान. मला घडवणारा सुतार एरवी टेबलांचे पाय करायचा. कान कोरायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "किचकट काम आहे. फेट्याखाली कोण बघतंय?" मग तू ऐकतोस कसा, असं तुम्ही विचाराल. खरं सांगू? मलाही ते कोडंच आहे.

मला विकत घेतलं ते फॅशनचे फेटे करणाऱ्या बाईंनी. त्या फेटा म्हणायच्या, गिऱ्हाइकं टर्बन म्हणायची. कुणाला झग्यावर हवा असे, कुणाला कोटावर. बाईंनी माझ्या डोक्यावर कापसाचा थर चढवला आणि वर जाड कापड ताणून बसवलं. त्या माझ्यावर कापड गुंडाळायच्या, कपाळावर पीळ द्यायच्या, ठिकठिकाणी टाचण्या खुपसायच्या आणि आतून टाके घालायच्या. मग टाचण्या काढल्या की फेटा टोपीसारखा उचलून गिऱ्हाइकाच्या हातात. टाचण्या टोचल्या तरी मी हूं की चूं केलं नाही.

मी मुळात चौकस. काचेच्या खिडकीत बसून बायकांना आरशासमोर बघायचो. वाकून चालत आलेली बाईसुद्धा फेटा चढवला की एकदम ताठ व्हायची. कापड तर डोक्यावर असतं, मग पाठीच्या कण्याला कोण कळवतं? आणि डोक्याला खाज सुटते म्हणजे नक्की काय होतं? कुणाला विचारणार?

आठ दिवसांनी त्यातलीच एखादी परत यायची. "बाई, अर्ध्या तासात कान दुखायला लागतात हो."

"सवय होईल," बाई म्हणायच्या. ती गेली की माझ्याकडे बोट दाखवून पुटपुटायच्या, "नखरे नुसते. याची आहे का कधी तक्रार?" मी आपला खूश. वीस वर्षं मी त्या कौतुकावर जगलो.

मग एका दुपारी बाईंची भाची आली. ती कपडे शिवायच्या कॉलेजात शिकत होती. तिला कमी ऐकू येतं, म्हणून कानामागे छोटं मशीन असतं. आदल्या वर्षी कॉलेजच्या फॅशन शोमध्ये तिने ते लपवायला काढून ठेवलं होतं. पडद्यामागून बाहेर पडायची हाक तिला ऐकूच आली नाही. ती बाहेर आली तेव्हा गाणं अर्धं संपलेलं, आणि लोक हसले.

"मावशी, या वर्षी मशीन काढणार नाही. पण ते दिसायलाही नको. फेट्याखाली झाकून दे," ती म्हणाली. "आता हाक चुकली ना, तर परत कधी स्टेजवर पाय ठेवणार नाही."

बाईंनी जीव ओतून निळा फेटा केला. माझ्यावर तो असा बसला की रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. पण भाचीने घातला मात्र, आणि दाबलं गेलेलं मशीन शीळ घालायला लागलं. तिने डोळे मिटून घेतले. बाईंनी फेटा काढला, पुन्हा माझ्यावर बांधला, पुन्हा तिला दिला. पुन्हा शीळ. असं चार वेळा झालं.

"ठोकळ्यावर तर बरोबर बसतोय," बाई चिडून म्हणाल्या.

"त्याला कान कुठे आहेत, मावशी?"

बाईंनी माझ्या डोक्याच्या दोन्ही बाजू चाचपून बघितल्या. मला वाईट वाटलं, आणि लाजही वाटली. इतक्या बायकांचे कान दुखले ते माझ्या मापामुळे, आणि मी फुशारकीत बसलो होतो.

बाईंनी टाके उसवले, भाचीला स्टुलावर बसवलं आणि कापड तिच्याच डोक्याला गुंडाळायला घेतलं. एकेक वेढा देताना विचारलं, "इथे दाबतंय का?" हा प्रश्न त्या दुकानात मी पहिल्यांदा ऐकला. आणि त्याला उत्तरही मिळत होतं! "थोडं सैल कर. हां, आता बरं वाटतंय." शेवटी फेटा कानांच्या वरच थांबला. मशीन उघडं राहिलं.

"दिसतंय गं," बाई हळूच म्हणाल्या.

भाचीने मान वळवून आरशात मशीन बघितलं. "दिसू दे," ती म्हणाली.

शोच्या दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा बाईंनी हातातलं काम खाली ठेवलं. "हाक?"

"पहिलीच हाक ऐकू आली. आणि टाळ्या पण." बाईंनी तोंड फिरवून डोळे पुसले.

तेव्हापासून बाई प्रत्येक फेटा ज्याच्या त्याच्या डोक्यावरच बांधतात. मी खिडकीत धूळ खात बसतो, पण माझी तक्रार नाही. मित्रांनो, तुम्ही कुणासाठी काही कराल तेव्हा त्याला विचारत जा. एखादा गप्प बसला म्हणजे त्याला दुखत नाही, असं धरून चालू नका. माझं सोडा, मी लाकूड आहे.