ओल कुठून येते

गवंड्याने प्लॅस्टिकचा वीतभर तुकडा भिंतीवर धरला आणि त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद केल्या. कपाट पुढे ओढल्यावर दिसलेल्या काळ्या बुरशीला त्याने हातही लावला नाही.

"खरवडायचं सोडून हे काय चाललंय?" मास्तरांनी विचारलं.

"आधी ओल कुठून येते ते बघू. कोरडीच खरवडली तर घरभर उडेल. दोन दिवस थांबा."

"बघायचं काय त्यात? खिडकीखाली नदी वाहतेय."

मास्तर म्हणजे शिंपी, आणि सध्या त्यांचं नदीशी भांडण चालू होतं. नदीपलीकडे राहणाऱ्या त्यांच्या लेकीला मुलगी झाली होती. मायलेकी दोन महिने याच खोलीत राहायला यायच्या होत्या, पण तान्ह्या बाळाला बुरशीच्या खोलीत ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. नातीला दवाखान्यात दोनदा मांडीवर घेऊन मास्तरांची हौस काही फिटली नव्हती. त्यांचा जीव टांगणीला लागला होता. नदीची दमट हवा आत यायला नको म्हणून त्यांनी दोन महिने खिडकी लावून ठेवली होती.

"नदी तीस वर्षं तिथेच आहे," त्यांची बायको म्हणाली. "बुरशी याच वर्षी आली."

मास्तरांनी उठून खिडकीची कडी आणखी घट्ट केली.

दोन दिवसांनी गवंडी आला. त्याने प्लॅस्टिकवरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. मग त्याने प्लॅस्टिक सोलून काढलं आणि त्याखालच्या भिंतीवर मास्तरांचा तळहात टेकवला. भिंत कोरडी होती.

"पाणी भिंतीतून येत असतं तर प्लॅस्टिकच्या आतून जमलं असतं. हे बाहेरून जमलंय. म्हणजे खोलीतलीच वाफ थंड भिंतीवर बसतेय," गवंडी म्हणाला आणि त्याने वर पाहिलं.

वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बांधलेल्या दोऱ्यांवर, चाळीस दुपटी ओलीचिंब लोंबत होती. जुन्या मऊ सुती कापडाची, बाळाला टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या अंगाला घेतलेली.

"ही इथे कधीपासून वाळतायत?"

"लेकीला सातवा महिना लागल्यापासून," बायकोने सांगितलं. "हेच दर तिसऱ्या दिवशी उकळतात, धुतात, नि धूळ बसू नये म्हणून दार-खिडकी लावून वाळवतात. बाळ यायच्या आधीच झिजवणार." एवढं बोलून ती खुर्चीत बसली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी एक दुपटं खाली ओढलं आणि ओलंच घडी घालायला घेतलं.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

"तुम्हीच," बायको म्हणाली, आणि घडीचं दुसरं टोक तिने धरलं. तेव्हा कुठे मास्तरांनाही हसू फुटलं.

मग काम भराभर उरकलं. तोंडाला फडकी बांधून बुरशी आधी भिजवली, बिघडलेला गिलावा उतरवला, नवा चढवला. कपाट भिंतीपासून हातभर दूर राहिलं. खिडकी इतक्या दिवसांनी कुरकुरत उघडली आणि नदीवरचा वारा बिनदिक्कत आत आला. गिलावा सुकल्यावर गवंड्याने पुन्हा प्लॅस्टिक लावलं. दोन दिवसांनी काढलं तेव्हा ते दोन्ही अंगांनी कोरडं होतं.

मास्तरांनी लेकीला फोन केला नाही. त्यांनी दोऱ्या सोडल्या, काठावरच्या दोन झाडांमध्ये, उन्हात बांधल्या आणि दुपटी वाळत घातली. थोड्याच वेळात फोन वाजला.

"बाबा, मी गॅलरीतून बघतेय. खोली वाळली ना?"

"वाळली."

"दुपटी दोनदा मोजली मी. एकोणचाळीसच भरतायत. एक वाऱ्याने उडालं वाटतं."

मास्तरांनी डाव्या खांद्यावर टाकलेलं दुपटं सारखं केलं.

"उडालं नाही," ते म्हणाले. "तुम्ही निघा."