मी दार उघडलं तेव्हा

मित्रांनो, मी खडकावरची एक जुनी समुद्री गोगलगाय आहे. माझ्या शंखाचं टोक झिजलंय, रंगही उडालाय. नावात गाय आहे म्हणून मला गरीब समजू नका हं! मी शिकारी आहे. माझी जीभ कानशीसारखी खरखरीत आहे. शिंपल्यावर बसून ती घासत राहिले की टाचणीच्या डोक्याएवढं गोल भोक पडतं आणि माझ्या जेवणाची सोय होते.

पण असं पोट भरणारीला शेजार कोण देणार? मी नुसती बाजूने गेले तरी शिंपले पटापट मिटतात. माझं पोट भरलेलं असतं तेव्हाही! भरतीला सगळा खडक गजबजतो, माझ्याभोवती मात्र सामसूम. खरं सांगते, फार एकटं वाटतं.

ओहोटीला एक माळवाली बाई यायची. माझ्या जेवणातून उरलेले भोकाचे शिंपले वेचून त्यांच्या माळा करायची. "आपण भोक पाडायला गेलो की निम्मे फुटतात," ती धाकट्या जावेला सांगायची, "आणि हे बघ, किती सुबक! कोण पाडतं, देव जाणे." माझं कौतुक करणारं तेवढंच एक माणूस. ऐकून माझा ऊर भरून यायचा.

एके दिवशी तिने मलाच उचललं. घाबरून मी खोल आत शिरले आणि शंखाच्या तोंडावरचं झाकण, म्हणजे माझं दार, लावून घेतलं. तिला वाटलं, शंख रिकामा आहे.

दाराच्या बारीक फटीतून मला दिसलं, तिच्या खोलीत खिडकीशी टेबल होतं, दोऱ्याची रिळं होती. दोन खुर्च्यांपैकी एकीवर धुतलेले कपडे. टोपलीतले शंख निवडताना ती आमच्याशीच बोलत होती. "बोला रे कुणीतरी. लेक परगावी गेल्यापासून या घरात घड्याळच तेवढं बोलतं."

तेवढ्यात शेजारच्या घरातून मदतीला आलेली जाऊ स्वयंपाकघरातून म्हणाली, "ताई, पाणी उकळलं. टाकू का शंख?"

"टाक बाई. नाहीतर वास मारतात."

माझं धाबं दणाणलं. वाचायचं तर बाहेर यायला हवं होतं. पण उघडा शिंपला सापडला की मी भोक पाडायचीही वाट बघत नाही; दार उघडणाऱ्याचं काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? जावेने मला चिमटीत धरलं. गरम वाफ लागली. मी जीव मुठीत धरून दार ढकललं आणि पाय बाहेर काढला.

"अगंबाई, थांब!" माळवाली ओरडली. "जिवंत आहे ही!"

"अहो ताई, कोळणी सांगतात ती शिंपले पोखरणारी हीच की!" जाऊ म्हणाली.

"म्हणजे माझी भागीदारीणच!" ती हसली. मग माझ्याकडे वाकून म्हणाली, "आधी सांगायचं नाही का गं?"

ओल्या फडक्यात गुंडाळून तिने मला खडकावर आणून ठेवलं आणि भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत ती माझ्याजवळ बसून राहिली. माझ्याजवळ कुणी आपणहून बसल्याची माझ्या आयुष्यातली ती एकच वेळ.

आता बरेच दिवस ती येत नाही. लेकीकडे राहायला गेली असेल. तसं असेल तर बरंच झालं. पण भोकाचे शिंपले खडकाखाली तसेच साचलेत आणि मला करमत नाही.

मित्रांनो, शंख खिशात टाकण्याआधी तो ओहोटीच्या डबक्यात ठेवा आणि थोडा वेळ थांबा. आत कुणीतरी धीर गोळा करत असेल. माझ्यापुरतं म्हणाल तर पावलं वाजली की बाकीचे सगळे घट्ट मिटतात. मी मात्र दार किंचित उघडं ठेवते.