लालबर्रा रोडवरचं लिंबू

"छोड दे स्टिअरिंग!" पुनारामबाबा गरजले.

अश्विननं दोन्ही हात वर केले आणि काय सांगावं, पिकअप आपसूक डावीकडे, थेट बाबांच्या चौथऱ्याच्या रोखानं निघाली. लालबर्रा रोडवर जमलेल्या दीडशे माणसांनी "जय माता दी" म्हणून आभाळ डोक्यावर घेतलं.

"देखो! खींच रही है!" बाबांनी पुढच्या चाकाला चिमटा लावला. टायरची बाहेरची कडा गुळगुळीत, आतली कोरी करकरीत. "डाकीण है! रोज रात को रबर चबाती है!"

डाकिणीला आतलं रबर का पचत नाही, हे कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं ते शरदचंद्र सरांनी. तीस वर्षं बालाघाटात फिजिक्स शिकवलेला माणूस. निवृत्त झाल्यावर गावोगाव अंधश्रद्धेवर व्याख्यानं देत फिरणारा. पण आज सर गर्दीच्या पार मागे, रुमालानं चष्मा पुसत उभे होते. चष्मा केव्हाच स्वच्छ झाला होता.

त्याचं कारण असं. अश्विन त्यांचा शेजारी. जंगलातून मोहफूल आणताना पिकअप खालून घासायची. "स्प्रिंगा वाढवून गाडी दोन इंच उंच उचलून घे," हा सल्ला सरांचा. गाडी उचलणारा मिस्त्री बिचारा म्हणालाही होता, "सर, आता चाकांची अलाइनमेंट करा लागते." त्यावर सर कडाडले, "मले फिजिक्स शिकवतो का? चाकं तेच, रस्ता तोच. बिघडते काय?"

बिघडली. आणि जेव्हा भुताची चर्चा सुरू झाली तेव्हा आमच्या या बुद्धिवाद्याला, सांगायला लाज वाटते, चक्क हायसं वाटलं. गाडीत भूत असेल तर सल्ला चुकीचा ठरत नाही ना!

पण भुताला राहायला कुणाचं तरी अंग लागतं. बाबांनी विचारलं, "कब से बिगडी?" अश्विनची आई मैनाबाई म्हणाल्या, "पोराचं लगन झालं, त्याच आठवड्यापासून." गाडी उचलली तोही तोच आठवडा, पण ते सांगणार कोण? झालं. नवी सून रचना, लामता गावची. आत्ता ती गाडीत अश्विनच्या शेजारीच बसली होती. बाबांनी निकाल दिला, "बहू को उतारो. आज ही मायके पहुंचा दो." तिची बॅग मैनाबाईंनी घरूनच भरून आणली होती.

रचना खाली उतरली. बाबांनी गाडीवरून लिंबू उतरवून गर्दीमागे भिरकावलं. "अब दाहिनी ओर से चलाओ. देवी का दाहिना अंग!" अश्विननं पिकअप रस्त्याच्या उजव्या अर्ध्यात घेतली, हात सोडले. गाडी सुतासारखी सरळ!

"बहू उतरी, गाडी सुधरी!" गर्दी नाचायला लागली. रचना बॅग छातीशी धरून उभी होती. रडतही नव्हती.

"तुम्ही काहून गप्प?" सरांच्या बायकोनं, मीनाक्षीबाईंनी दंडाला ढोसलं.

"मी निरीक्षण करून राह्यलो."

"कशाचं? सोताच्या इज्जतीचं?" रागानं त्यांनी पायाशी पडलेलं लिंबू उचलून रस्त्याच्या डाव्या अर्ध्यात आपटलं. ते घरंगळत डावीकडच्या नालीत गेलं. बाईंच्या कपाळाला आठी पडली. कुणाच्या तरी पूजेच्या टोपलीतून दुसरं घेऊन त्यांनी ते रस्त्याच्या उजव्या अर्ध्यात ठेवलं. ते गेलं उजव्या नालीत. "अहो सर, या लिंबातही डाकीण हाय का? का हा रस्ताच मधातून उंच हाय?"

पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मध्ये फुगीर ठेवतात. हे वाक्य सरांनी वर्गात शंभरदा म्हटलं असेल. आता तेच भर गर्दीत म्हणायचं, म्हणजे पुढचंही कबूल करणं आलं. सरांनी रचनाकडे पाहिलं आणि ते पुढे झाले.

"अश्विन, रचनाले बसव. उजवीकडूनच चालव." रचना बसली. गाडी सरळ!

"आता तिले उतरव, डावीकडून चालव." गाडी खुशाल चौथऱ्याकडे!

सर गर्दीकडे वळले.

"बापहो, या पोरीचा काही दोष नाही. गाडी उचलली की पुढच्या चाकांचा कोन बदलतो. चाकं तिरपी होतात, टायर एकाच कडेनं झिजतो, गाडी ओढते. डावीकडं रस्त्याचा उतारही तिकडंच नेते. उजवीकडं उतार उलटा, म्हणून ओढ दबते. देवीचं उजवं अंग म्हणजे हे इतकंच. गाडी उचलायले मीच सांगतलं. मिस्त्री अलाइनमेंट कर म्हणत होता, त्याले मीच चूप बसवलं. डाकीण पाहायची हौस असंल, तर हा घ्या, मी उभा हाय!"

"साइन्सवालों को देवी नहीं दिखती," बाबा पुटपुटले आणि दक्षिणेचं ताट उचलून चौथऱ्यामागं गेले.

दुपारी अलाइनमेंटच्या दुकानात तिथल्या मिस्त्रीनं चाकांचे कोन मोजले, पाना फिरवला, तासाभरात काम झालं. परतताना अश्विननं डावीकडूनच, हात सैल ठेवून गाडी चालवली. चौथरा आला, मागे गेला; गाडीनं ढुंकूनही पाहिलं नाही.

घरी पोचल्यावर मैनाबाईंनी रचनाच्या बॅगेला हात घातला. "दे बाई, मी नेते घरात. चुकलीच मी."

रचनानं बॅग सोडली नाही. "नेईन मी. पण आत्याबाई, उद्या मिक्सर बिघडला तर आधी मिस्त्रीले बोलवाल ना?"

मैनाबाईंनी मान खाली घालून "हौ" म्हटलं.

सर अजून व्याख्यानं देतात. फक्त सुरुवात बदलली आहे: "काही बिघडलं तर आधी वस्तू तपासा, घरच्या बाईकडे बोट दाखवू नका. अन् सल्ला देणारा माझ्यासारखा शहाणा असंल, तर त्याले दोनदा तपासा."