घरात सगळे आहेत

आमच्या घरावर चोरांची नजर आहे असं लीलाला वाटू लागलं, तेव्हा खरं सांगतो, मला थोडं बरं वाटलं. निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

"फाटकाला दोरा बांधलाय," ती म्हणाली.

"पतंगाचा असेल."

"पतंगाचा दोरा दोन्ही झडपांना गाठ मारून बसतो होय? फाटक उघडलं की तुटावा असा बांधलाय. आणि तुटला नाहीये."

तुटणार कसा? काचीगुड्यातल्या आमच्या गल्लीत ड्रेनेजसाठी खोदकाम चाललं होतं आणि निघालेली सगळी माती नेमकी आमच्या फाटकापुढे येऊन पडली होती. पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालून आम्ही मागच्या बोळातून ये-जा करत होतो. दोरा बघायला लीला त्या ढिगाऱ्यावर चढून आली होती. वय वर्षं सदुसष्ट.

मग फाटकात खोचलेला शिकवणीचा कागद. शेजारपाजाऱ्यांनी आपापले काढून टाकले, आमचा राहिला. लीलानं तो काढला तर दुसऱ्या दिवशी नवा. मी म्हटलं, "कुणाला तरी अजून आशा आहे, आपण गणितात पास होऊ."

"हसा," लीला म्हणाली.

समोरची सुगुणम्मा सांगत आली, की एक माणूस तुमच्या घराकडे बघत उभा होता. विचारलं तर म्हणे, सुरेशसाब का घर यहीच है क्या? नाही म्हटल्यावर गेला नाही. कुलपाकडे बघत राहिला. मी म्हटलं, चांगल्या कुलपाकडे माणसं बघतातच. त्याच संध्याकाळी पुढच्या व्हरांड्यातला दिवा लागेना. बटण दाबून दाबून शेवटी खिडकीतून वर पाहिलं, तर बल्बच नव्हता. तेव्हा मात्र मला काही विनोद सुचला नाही. पण एका बल्बासाठी पोलिसांत काय जायचं, म्हणून गप्प बसलो.

भीती होती ती मालनकाकूची. माझी ही चुलती चौऱ्याऐंशीची. खुब्याचं हाड मोडल्यापासून मागच्या खोलीत पलंगावरच. उठून दाराला कडी लावणंही तिच्या हातात नव्हतं. घरात दुसरं काय होतं? तांब्याची भांडी आणि माझी पुस्तकं. दोन्ही नेणाऱ्याची कंबर धरली असती.

तरी त्या दुपारी तिला एकटं ठेवून आम्हाला कोठीला, डोळ्यांच्या दवाखान्यात, जावं लागलं. लीलाच्या मोतीबिंदूची तपासणी होती. काकूचं जेवण झालं होतं, मोबाइल उशाशी ठेवला, मागच्या दाराला कुलूप घातलं. गडबडीत लीलाचा फोन चार्जरलाच राहिला.

दवाखान्यात लीलाच्या डोळ्यांत थेंब घातले आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. बाकावर बसल्या बसल्या ती एकदम म्हणाली, "अहो, समोरून आपलं घर कसं दिसतं?"

"रंग उडालेलं."

"तसं नाही. कुलूप. दोरा तसाच. कागद तसाच. आणि रांगोळी नाही."

बिदरचे एकनाथराव, आमचे भाऊबंद, वारले होते. सुतक फिटेपर्यंत उंबऱ्यापुढे रांगोळी नाही. आमच्या गल्लीत तर सकाळी सडा आणि मुग्गू पडला नाही असं एक दार सापडायचं नाही. मुग्गू म्हणजे आपली रांगोळीच, फक्त जास्त नेमाची.

"रोज सगळ्यांच्या दारात रांगोळी आणि आपल्याच नाही," लीला म्हणाली. "माणसं दूर कुठंतरी गेलीत असंच कुणालाही वाटेल. अहो, त्यांना आपलं घर रिकामं वाटतंय. काकूला फोन लावा. आत्ता."

मी लावला. घंटी बराच वेळ वाजली. मग काकूचा आवाज आला, नेहमीपेक्षा मोठा.

"कौन?"

"काकू, मी नरहर."

"नरहर? नरहर सोरा है जी, बाजू के कमरे में. उठाऊं क्या?"

मी दवाखान्यात उभा होतो आणि मी कुठं झोपलोय याची माहिती मला मिळत होती. वाटलं, गेलं, काकूचं डोकंही गेलं.

"लीला बी हैच," काकू म्हणत होती. "उसका भाई बी आया सिकंदराबाद से. फौज वाला. हौ, सब लोगां घर मेंच हैं."

लीलाला भाऊ नाही. आणि काकू माझ्याशी जन्मात कधी दखनी, म्हणजे हे इथलं हिंदी, बोललेली नाही. दखनी भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, परक्याशी. लीलानं माझ्या कानाशी कान लावला होता. काकू श्वास घ्यायला थांबली तेव्हा तिच्या मागे लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला.

"घरात शिरतायत," लीला म्हणाली. "पोलिसांना लावा."

"मग काकूचा फोन ठेवावा लागेल."

"ठेवा!"

काकू बोलत होती. बोलणं ऐकणारं एक माणूस तिला होतं, ते मी बोटानं बंद केलं.

"कोणती गल्ली?" पोलिसांच्या फोनवरच्या बाईंनी विचारलं.

"खोदून ठेवलीय ती."

"सर, पूरा काचीगुडा खोदेला है."

पत्ता सांगितला. मग सुगुणम्माला लावला. ती काही विचारत बसली नाही, फोन सुरू ठेवूनच बाहेर पळाली आणि "दोंगा! दोंगा!" असं ओरडली. तेलुगूत चोराला दोंगा म्हणतात. तिच्या आवाजाबद्दल मी आजवर बरंच वाईट बोललोय, ते सगळं परत घेतो. मग गलका झाला, काहीतरी आपटलं आणि फोन बंद पडला.

रिक्षात लीला माझ्या दंडाला धरून होती. थेंबांमुळे तिला समोरचं काही धड दिसत नव्हतं. "कुठं आलो?" ती विचारायची. मी सांगायचो, सिग्नल. परत विचारायची. सिग्नल. रिक्षावाल्याला मी जोरात हाकायला सांगितलं, तर तो म्हणाला, "उडाऊं क्या, चाचा?"

मातीच्या ढिगाऱ्यावर अर्धी गल्ली उभी होती. "भागे! दो जने थे!" सुगुणम्मा ओरडली. तिच्या हातात अजून कुंचा होता. कुलूप कडीसकट उपटून पडलं होतं, दार सताड उघडं. पुढच्या खोलीतल्या फरशीवर ओल्या मातीचे बूट उमटले होते. ते मधल्या खोलीपर्यंत गेले होते. काकूच्या दारापासून पाच-सहा पावलांवर थांबले होते.

आतून आवाज येत होता.

"नक्को जी, अबी नक्को उठाओ. थक को सोरा है. फौज वाले बी खाना खा को लेटे."

काकू उशीला टेकून बसली होती. फोन कानाला घट्ट धरलेला, डोळे दारावर. फोनचा पडदा काळा होता.

"काकू, आम्ही आलो."

"हौ, सब घर मेंच हैं," ती फोनमध्ये म्हणाली.

लीला चाचपडत पलंगाशी गेली आणि तिला जवळ घेतलं. तरी काकूची बोटं फोनवरून सुटेनात. मी एकेक सोडवली. मग तिनं माझं मनगट धरलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"फोन का ठेवलास रे?" ती मराठीत म्हणाली.

"पोलिसांना लावायचा होता, काकू. एकच फोन होता."

"ते मला कसं कळणार?"

खरंच. तिला कसं कळणार?

पोलीस आले. शिपाई पोरसवदा होता. बुटांच्या खुणा चुकवत आत आला, टोपी काढून काकूपाशी उभा राहिला. "डरो नक्को, अम्मा. उनो आए तब घर में कितने जने थे?"

काकूनं दाराकडे पाहिलं. माझं मनगट आणखी आवळलं.

"चार," ती म्हणाली.

शिपायानं लिहून घेतलं. आम्ही कुणी दुरुस्त केलं नाही.