भिंतीवरची रेघ

"थांब, लिपस्टिक लावू दे," मिस ओडाली आतून ओरडल्या. "आणि बूट बाहेर काढ. आत्ताच पुसलंय."

मी दारातूनच आत डोकावले. भिंत स्वच्छ होती.

वादळाला बारा दिवस झाले होते. पॉइंट रोझोच्या खाडीवर एकूण एक घराच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीला चिखलाची तपकिरी रेघ होती. पाणी तिथवर चढलं आणि दोन दिवस ठाण मांडून बसलं. मदतनिधीवाल्यांना तीच रेघ हवी होती. घरटी चार फोटो: घर बाहेरून, छप्पर, आतली खोली, आणि रेघेला टेप लावून तिची उंची. काम मला मिळालं, कारण सव्वीस वर्षं या खाडीवरच्या शाळेतले, चर्चमधले, लग्नांमधले फोटो मीच काढत आलेय. भिंती पुसू नका, आधी फोटो होऊ दे, असं मी घरोघरी सांगत फिरले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मिस ओडालींनीही (खाडीवर आजी झालेली बाईसुद्धा 'मिस'च).

"तुम्ही रेघ पुसलीत?"

"दोनदा. ब्लीच घालून." त्या बाहेर आल्या. रविवारचा निळा झगा, पांढरी कॉलर, लिपस्टिक किंचित तिरकी. छपराचे अर्धे पत्रे उडालेले, त्यातून ऊन थेट टेबलावर पडत होतं. टेबलावर धुतलेलं कापड आणि दोन पेल्यांत कॉफी. "फोटो काढायचा म्हणालीस ना? मग घाणीत काढायचा?"

"मिस ओडाली, घाणीचाच काढायचा होता."

"तुझं आपलं काहीतरीच, रोझलिन. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीला माझ्या लेकीची कॉलर तीनदा सरळ केली होतीस तू. आता म्हणते घाण हवी." त्या खुर्चीत ताठ बसल्या, हात नेहमीसारखे पाठीमागे घेतले. "काढ."

मी काढला. दुसरं काय करणार होते?

निधीची गाडी चर्चच्या मैदानात उभी असायची. तिथवर जायचं म्हणजे नाक मुठीत धरूनच. रस्त्याच्या दोन्ही कडांना आतल्या सडक्या मासळीसकट चिकटपट्टीने बंद करून टाकलेले फ्रिज उभे होते आणि खेकडे सोलण्याच्या शेडमधला बंद पडलेला शीतकक्ष बारा दिवस उन्हात शिजत होता. आतली कोळंबी सडून दाराखालून पाझरत होती, आणि त्यावर माश्यांचा एक काळा, हलता थर. आम्हालाही ओकारी यायची. पण आम्ही ती गिळून कामाला लागायचो. गाडीतला साहेब, मिस्टर लॉडर, नाकाखाली पुदिन्याचं मलम लावून बसायचा.

"हे लोक या वासात राहतात तरी कसे?" त्याने मलाच विचारलं. मी त्यातलीच एक, हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग त्याच्या संगणकाच्या पडद्यावर मिस ओडालींचा फोटो आला. "हे घर तर ठीक दिसतंय."

"छप्पर पाहा."

"छपराला ताडपत्री मिळेल. पुराच्या वर राहील असं खांबांवरचं नवीन घर मात्र रेघ चार फुटांच्या वर असेल तरच. इथे रेघच नाही."

"त्यांनी पुसली."

"मग पाणी आलं होतं कशावरून?"

"शेजारच्या दोन्ही घरांत चार फूट सात इंच आहे. मधल्या घराला पाणी वळसा घालून गेलं असेल, असं वाटतं का तुम्हाला? खालचे वासे कुजलेत, जमीन पायाखाली दबते. चला, दाखवते."

"मॅडम, मला कळतं हो. वरच्यांना कळत नाही, ते फक्त फोटो बघतात. शुक्रवारी यादी बंद होणार." त्याने पुदिन्याची गोळी सोलली आणि आवाज खाली आणला. "बाहेर चिखलाला काही तोटा नाही. आणि बाईंना शेजारी उभं करा. माणूस दिसला की फाइल लवकर हलते. पण तो झगा नको. जरा... इथल्या लोकांसारखं काहीतरी."

मला किळस आली. फ्रिजमधल्या सडक्या मासळीची आली नसेल इतकी त्या गोळी चघळणाऱ्या तोंडाची आली. आणि त्याहून जास्त माझी स्वतःची, कारण मी "बरं" म्हणून बाहेर पडले.

काय करणार? नवीन घर नाही म्हणजे मिस ओडालींना ह्यूस्टनला लेकीच्या दोन खोल्यांत जाऊन राहावं लागणार. एकाहत्तर वर्षं त्या खाडी सोडून कुठे राहिल्या नव्हत्या.

आणि चिखल लावायला सांगायचं ते कोणाला! दहा वर्षांच्या असताना शाळेच्या बसमध्ये शहरातली मुलं त्यांना बघून नाक दाबायची. बाप कोळंबीच्या होडीवर, म्हणून. ड्रायव्हरने त्यांना शेवटच्या बाकावर बसवून खिडकी उघडी ठेवायला लावली, थंडीतसुद्धा. पुढे त्यांनी चाळीस वर्षं त्या शेडमध्ये खेकडे सोलले. रोज संध्याकाळी हात लिंबाने घासायच्या, मग ब्लीचने, कातडी सोलवटेपर्यंत. सव्वीस वर्षांत माझ्या एकाही फोटोत त्यांचे हात नाहीत. कधी पाठीमागे, कधी पर्सखाली, नातवाच्या बाप्तिस्म्याच्या फोटोत तर बाळाच्या दुपट्याखाली.

मी त्यांना सगळं सांगितलं. लॉडरचे शब्दही, जसेच्या तसे.

"म्हणजे मी घाणेरडी दिसले, तर घर."

"घाण पाण्याची होती, मिस ओडाली. तुमची नव्हती."

"फोटोत ते वेगळं दिसतं का गं?"

मी कोपऱ्यातल्या बादलीकडे वळले.

"तुम्ही बाहेर बसा," मी म्हटलं. "मी लावते चिखल."

"माझ्या घरात बाहेरच्या माणसाने चिखल आणायचा नाही." त्यांनी बादली उचलली आणि त्या झग्यातच खाडीवर गेल्या. परत आल्या तेव्हा बादली काठोकाठ भरलेली, आणि तो कुजका, तेलकट भपकारा खोलीभर झाला. त्यांचं नाक आक्रसलं. मग बाह्या वर करून त्यांनी दोन्ही हात आत घातले.

"फळीच्या खालचा तिसरा खिळा," त्या म्हणाल्या. "तिथवर होतं. बोटभर वर नाही, बोटभर खाली नाही. मी खोटं लावणार नाही."

एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्या तळव्याने रेघ ओढत गेल्या आणि तिच्याखाली चिखल फासत गेल्या. ओठ घट्ट मिटलेले. पांढऱ्या कॉलरवर शिंतोडे उडाले, तेव्हा त्यांच्या घशातून बारीकसा आवाज आला, पण हात थांबला नाही. मी टेप लावला. चार फूट सात इंच.

"झगा बदलता?" मी विचारलं. विचारताना मला माझी जीभ हासडून टाकावीशी वाटली.

"नाही."

"मग उभ्या राहा शेजारी. इकडे बघा."

"तोंड त्याला मिळणार नाही," मिस ओडाली म्हणाल्या. त्या भिंतीकडे वळल्या, माझ्याकडे पाठ केली आणि दोन्ही हात रेघेवर टेकवले.

मी पहिल्यांदाच ते हात कॅमेऱ्यातून पाहिले. बोटांवर, चिखल ओघळला होता तिथे, खेकड्यांच्या कवचाने कापल्याच्या पांढऱ्या, आडव्या खुणा, एका अंगठ्याला नखच नाही, सांधे गाठींसारखे फुगलेले. मी बटण दाबलं. एकदाच.

फोटो पास झाला. "फार बोलका आहे," लॉडर म्हणाला आणि निधीच्या माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापू का, असं विचारलं. मी नाही म्हटलं. त्याने तरीही छापला.

पण ते नंतरचं. त्या दुपारी मी कॅमेऱ्याला टोपण लावत होते, तेवढ्यात मिस ओडालींनी दारामागून दुसरी बादली ओढली. त्यात ब्लीच आधीच कालवलेलं होतं. त्यांनी एक फडकं स्वतः घेतलं आणि दुसरं माझ्याकडे फेकलं.

"वरचं मी घेते, खालचं तू घे," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे वाकत नाहीत. आणि बूट काढ."

मी बूट बाहेर ठेवले आणि फडकं भिजवलं.